डोळे धुवायची भिंत

"मास्तरबाई, तुमच्या पायांचं आपसात भांडण झालंय का हो?" चहाच्या मावशींनी टेबलावर कप ठेवता ठेवता विचारलं आणि तिने खाली पाहिलं. खाली तिचेच दोन पाय होते. ओले गमबूट दाराबाहेर काढायचे आणि नुसत्या मोज्यांवर नमुन्यांच्या खोलीत यायचं, हा नियम तिनेच घातलेला, त्यामुळे मोजे उघड्यावर होते. दोन्ही काळे. "काय झालं पायांना?" तिने विचारलं. "अहो, एक काळा आहे नि एक निळा," मावशी म्हणाल्या आणि हसल्या. हसण्यात खोडी नव्हती, सकाळी सकाळी गंमत सापडली एवढंच. "डोळे तपासून घ्या मावशी." "घेईन की. पण मला रंगातलं काय कळतंय, मला आपलं चहाच्या रंगातलं कळतं." मावशी किटली हलवत निघून गेल्या. तिने दार लोटलं, खुर्चीत बसून दोन्ही मोजे काढले आणि दिव्याच्या पेटीत शेजारी शेजारी ठेवले. या पेटीत तीन तऱ्हेचे दिवे होते, आणि कापडाचे दोन तुकडे एकाच रंगाचे आहेत की नाहीत हे त्या दिव्यांखाली बघून सांगायचं, हाच तिचा सत्तावीस वर्षांचा धंदा. पहिला दिवा लावला. काळे. दुसरा. काळे. तिसरा. काळेच. मग अनवाणी पायांनी ती खिडकीशी गेली, मोजे उन्हात धरले, दोन्ही हातांत एकेक, बाजारात वांगी पारखावीत तसे. काळे, काळे, काळे. आणि तरीही तिला ठाऊक होतं की मावशी खोटं बोलत नाहीत. मावशींना खोटं बोलायचं कारणच काय? तळपायाची आग मस्तकाला जाते म्हणतात. तिची तर खरोखर तिथूनच, त्या थंड फरशीवरून वर चढायला लागली.

रंगखात्याच्या प्रमुखाला त्या कापडगिरणीत पहिल्यापासून 'मास्तर' म्हणत. त्या जागेवर बाई आली, तेव्हा लोकांनी मास्तर काढलं नाही, त्यालाच बाई जोडली. बाहेरच्यांना वाटे, ही शाळेत शिकवते. एका शेजाऱ्याने तर नातवाच्या प्रवेशासाठी चिठ्ठी मागितली होती. खाली मोठमोठ्या हंड्यांत कापड शिजत असे, वाफेने भिंतींना घाम फुटलेला असे, आणि वर या कोपऱ्यातल्या खोलीत प्रत्येक लॉटचा हातभर तुकडा येऊन पडे. गिऱ्हाइकाचा नमुना एका बाजूला, लॉटचा तुकडा दुसऱ्या बाजूला. ती म्हणे 'जुळतं', की चाळीस तागे ट्रकमध्ये. ती म्हणे 'नाही', की चाळीस तागे परत हंड्यात. यंत्रही होतं, आकडे दाखवणारं, पण ते दोन महिने दुरुस्तीला गेलं होतं आणि कुणालाच त्याची घाई नव्हती, कारण बाईंचे डोळे होते. फुकटचे डोळे, रजा न घेणारे डोळे! काल दुपारी तिने अशाच एका लॉटवर सही केली होती. दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांच्या गणवेशाचं गडद निळं कापड, चाळीस तागे. गेले सहा आठवडे नुसता निळाच चालू होता. निळ्यावर निळा, निळ्यावर निळा. म्हणजे आज जिला स्वतःच्या पायातला निळा दिसत नाही, तिने काल चाळीस ताग्यांचा निळा पास केला. हे लक्षात आलं तेव्हा तिच्या हातातले मोजे ओले झाले होते, तळहाताच्या घामाने.

टेबलाखाली बॅग होती. आठ दिवसांचे कपडे, एक टॉवेल, चपला. साडेचारची बस होती आणि बसथांब्यावर ताई येणार होती, तिची थोरली बहीण. तळ्याकाठी एक खोली घेतली होती ताईने, आठ दिवस. तिथे बघण्यासारखं काही नाही, करण्यासारखं त्याहून नाही, म्हणूनच घेतली होती. यापूर्वी दोनदा असंच ठरलं आणि दोनदा हिने आयत्या वेळी नाही म्हटलं. एकदा शाळांच्या गणवेशाचा हंगाम, एकदा परदेशी माल. या वेळी ताईने फोनवर आवाज न चढवता सांगितलं होतं, "हे तिसरं. यायचं तर ये. नाही आलीस तर मी रागावणार नाही, पण परत विचारणारही नाही. कशालाच." आणि मग थोडं थांबून, "बुधवारी निघायचं. रविवारी नाही. रविवार तुझ्या कंपनीच्या सोयीचा." रविवार हा शब्द ताईने असा उच्चारला होता, की हिला फोन कानापासून जरा लांब धरावा लागला. आज बुधवार होता. रजेचा अर्ज आठ दिवसांपासून मॅनेजरच्या टेबलावर होता आणि मॅनेजर रोज म्हणत होता, "बघू."

अशा वेळी काय करायचं, हे तिला म्हाताऱ्या मास्तरांनी शिकवलं होतं. ती इथे लागली तेव्हा तेच मास्तर होते; कानात केस, खिशात शेंगदाणे, आणि बोलणं असं की समोरच्याने एक तर हसावं नाही तर राजीनामा द्यावा. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला लाल कापडासमोर बसवलं, पाच मिनिटं टक लावून बघायला लावलं आणि मग म्हणाले, "आता पांढऱ्या कागदावर बघ. काय दिसतं?" तिला हिरवट काहीतरी दिसलं. कागद कोरा होता. "बघ! डोळा उष्टा झाला. उष्ट्या ताटात दुसऱ्याला वाढतात का? आधी धुवायचं." आणि खुर्चीसमोरची ती आख्खी भिंत त्यांनी दाखवली. राखाडी. निळसर नाही, तपकिरी नाही, निव्वळ राखाडी. ती छटा त्यांनी स्वतः आठ दिवस खपून बनवली होती. दहा नमुने बघितले, की या भिंतीकडे बघत बसायचं. काही करायचं नाही, बोलायचं नाही, विचारसुद्धा शक्यतो नाही. मागच्या रंगाचं भूत निघून जाईपर्यंत बसायचं. याला ते 'डोळे धुणं' म्हणत. खालचे लोक हसत, म्हणत, म्हातारा वर बसून भिंत बघण्याचा पगार घेतो. ते वरून ओरडत, "तुम्ही नाही बघत म्हणून तुम्हाला कमी मिळतो!" ही भिंत होती म्हणून खोली होती. यंत्र नंतर आलं, पेटी नंतर आली, भिंत आधीची.

ती खुर्चीत बसली, मोजे मांडीवर, आणि तिने भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर तिचाच फोटो होता. सहा महिने होता. नारिंगी चौकटीत, नारिंगी पट्टीवर, कारण नारिंगी हा कंपनीचा रंग. दोन हात रुंद, अडीच हात उंच, वर एक खास दिवा. आणि खाली अक्षरं: 'अकरा वर्षे. शून्य रजा. आमचा अभिमान.' सहा महिने ती दहा नमुने बघून झाले की डोळे उचलत होती आणि या नारिंगीत बुडवत होती. काय करत होते मी, तिने मनात स्वतःलाच खडसावलं, मी डोळे धूत होते की चिखलात लोळवत होते? नारिंगीचं भूत कोणतं? निळं. शाळेतल्या पोराला कळावं! नारिंगी बघून उठलेला डोळा जे कापड बघेल त्याला निळं करून दाखवेल. तांबूस मारणारा लॉटसुद्धा त्याला छान निळा वाटेल. आणि काळ्यावरही तीच झाक चढली, की काळा नि निळा वेगळे कसे निघणार? मास्तरांनी आठ दिवस खपून बनवलेल्या भिंतीवर या शहाण्यांनी हे टांगलं, आणि टांगताना शिडी कुणी धरली? हिने. स्वतः. "जरा डावीकडे घ्या" असंही म्हणाली होती. हरभऱ्याच्या झाडावर चढवायला ते तयारच असतात. पण ही बावन्न वर्षांची बाई फांद्या मोजत चढली, त्याचं काय?

फोटो लावला त्या दिवशी खाली अंगणात सगळ्यांना जमवलं होतं. मॅनेजर माइकवर बोलला. त्याला बोलायची हौस, वय चाळिसाच्या आत, शर्टाची इस्त्री कायम ताजी. म्हणाला, "मास्तरबाईंच्या निष्ठेबद्दल मी काय सांगू? त्यांच्या मातोश्रींनीसुद्धा जाताना रविवार बघितला, की लेकीचा खाडा होऊ नये." लोकांनी टाळ्या वाजवल्या. काहींच्या डोळ्यांत पाणीही आलं. आणि ती हसली होती. मान जरा खाली घालून, कौतुक होत असलेलं माणूस हसतं तशी. ते वाक्य मॅनेजरचं नव्हतंच. ते तिचं होतं. दोन वर्षांपूर्वीच्या त्या रविवारी संध्याकाळी ताईच्या घरात, आतल्या खोलीत आईची रिकामी कॉट अजून तशीच असताना, तिने फोनवर सांगितलं होतं, "नाही नाही, उद्या येते ना मी. आईनं पण माझी अडचण ओळखून रविवार गाठला," आणि बारीक हसलीही होती, कारण असल्या वेळी माणूस काहीही बोलतं. वळली तर दारात ताई उभी. ताईच्या हातात आईचा पाण्याचा तांब्या होता. ताईने तांब्या ओट्यावर उपडा घातला आणि हात पुसले. आई गुरुवारपासून आजारी होती. गुरुवारी ताईचा फोन आला होता, "ये." शुक्रवारी आला, "विचारतेय तुला, ये गं." ही म्हणाली, "लॉट संपला की रविवारी येते, पहिल्या गाडीनं." आली. पहिल्याच गाडीनं आली, अकराला पोचली. आई सातला गेली होती. म्हणजे रविवार आईने गाठला नव्हता. रविवार हिने आईच्या गळ्यात बांधला होता, आणि आईला काही तो अकरापर्यंत ओढता आला नाही. सोमवारी साडेआठला ही कामावर हजर. त्या सोमवारी कोणता रंग होता तेही तिला आठवत होतं. शेवाळी. मेला शेवाळी!

ती उठली. टेबल भिंतीशी ओढलं, अनवाणी त्यावर चढली आणि चौकटीला हात घातला. चौकट जड होती. कौतुक एवढं जड असतं हे तिला माहीत नव्हतं. एक खिळा सुटला, दुसरा हटून बसला, तेव्हा तिने सत्तावीस वर्षांत त्या खोलीत कधी न उच्चारलेली शिवी दिली, आणि खिळा पोपडा घेऊन बाहेर आला. फोटो तिने दाराबाहेर, ओल्या गमबुटांशेजारी, तोंड भिंतीकडे करून ठेवला. आत येऊन दार लावलं, दिवे मालवले, पेटी बंद केली, आणि बसली. समोर राखाडी होतं आणि मधोमध, फोटो होता तिथे, निळं भूत लटकत होतं. चौकोनी, दोन हात रुंद. जा, ती त्याला म्हणाली. ते गेलं नाही. पूर्वी मिनिटाभरात जायचं. पाच मिनिटं झाली, दहा झाली, खाली हंड्यांचा घुरघुराट चालू होता, कुणीतरी जिन्यावरून हाका मारत होतं, आणि तिच्या डोळ्यांतला निळा हलायला तयार नव्हता. डोळ्यांत तेल घालून काम करा म्हणतात. घातलं. इतकी वर्षं घातलं, बुधलेच्या बुधले ओतले. आता तेलकट काचेतून काय दिसणार, कप्पाळ?

म्हातारे मास्तर दर वर्षी ऐन उन्हाळ्यात महिनाभर गायब होत. अर्जबिर्ज नाही; मालकांच्या दारात उभं राहून सांगत, "डोळे मिटून येतो," आणि जात. पहिल्या वर्षी तिने विचारलं होतं, "काय करता तुम्ही महिनाभर?" "काही नाही." "म्हणजे?" "म्हणजे पडून असतो. झाड दिसलं तर झाड म्हणतो. हिरवा कुठला, ते बघत नाही. रंगाच्या माणसानं वर्षातून एक महिना काही जुळवू नये. जे दिसेल ते दिसू द्यावं." तिला तेव्हा ते ढोंग वाटलं होतं. धडधाकट माणूस, कामाचे डोंगर पडलेत, आणि हा पडून राहतो! त्यांच्या मागे तिने एकटीने महिना ओढला, एकही लॉट परत आला नाही, आणि मालक स्वतः वर येऊन म्हणाले, "तुमच्याशिवाय पान हलत नाही इथलं." ते वाक्य तिने घरी नेलं, नवऱ्याला सांगितलं, आईला सांगितलं, रात्री अंथरुणात पुन्हा एकदा मनात म्हणून बघितलं. तेव्हापासून ते वाक्य तिला रोज लागायला लागलं, मावशींच्या चहासारखं. आणि आज, भिंतीसमोर बसल्या बसल्या, तिला पहिल्यांदाच वाटलं की म्हातारा पडून राहायला जात नव्हता, किंवा नुसता पडून राहायला जात नव्हता. तो जागा करून देत होता. तो गेला नसता तर ती कधी मास्तर झाली असती? तो जाताना नमुन्यांच्या कपाटाची किल्ली तिच्या टेबलावर टाकत असे, न बोलता. तिने कुणाच्या टेबलावर टाकली होती? तिची किल्ली तिच्या गळ्यात होती, आंघोळीलासुद्धा.

तिनेही सुट्टी घेतली होती, नाही असं नाही. अकरा वर्षांपूर्वी, समुद्रावर, नवरा नि मुलीला घेऊन पाच दिवस. मुलगी सात वर्षांची, आता अठराची होऊन वसतिगृहात राहते आणि फोनवर 'हं, हं' एवढंच म्हणते. पाच दिवसांत ही रोज दोनदा दुकानात जाऊन रंगखात्याला फोन लावत होती. नवरा म्हणाला होता, "समुद्रही पास करून टाक एकदाचा, म्हणजे आपण पोहायला मोकळे." आणि मुलीने वाळूत बसून चित्र काढलं होतं, समुद्राचं, एकाच खडूने, जांभळ्या. हिने म्हटलं, "असा असतो का समुद्र? बघ नीट." मुलीने समुद्राकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं, आणि खडू डबीत ठेवून डबीचं झाकण लावलं. तेव्हा नव्हतं कळलं. झाकणाचा तो टक् आवाज आज अकरा वर्षांनी, बंद खोलीत, ऐकू आला आणि तिला इतका राग आला, की कुणावर काढावा ते कळेना. मॅनेजर लहान पडत होता, मालक लहान पडत होते, कंपनी लहान पडत होती. सगळ्यांना पुरून उरलेला राग परत फिरून तिच्याच छातीवर येऊन बसला.

अर्धा तास होऊन गेला तेव्हा भिंतीवरचं भूत हळूहळू विरायला लागलं, वाफ विरते तसं, कडांकडून. मग नुसतं राखाडी उरलं. ती आणखी थोडी बसली. मग मांडीवर पाहिलं. एक मोजा काळा होता आणि दुसरा निळा, ढळढळीत निळा. आंधळ्यालाही चाचपून कळावा असा. ती हसली, एकटीच, बरं वाटलं म्हणून नाही. उठून कालच्या लॉटचा तुकडा काढला, नमुन्याशेजारी ठेवला, एकच दिवा लावला. तुकडा तांबूस मारत होता. थोडा नव्हे. ती सही, तिची गोल, टपोरी, पास झाल्याची सही, त्या तांबूस तुकड्यावर मजेत बसली होती.

तिने दार उघडून हाक मारली, "छोटी बाई!" छोटी बाई म्हणजे तिची मदतनीस; अडतीस वर्षांची, दोन मुलांची आई, बारा वर्षं इथे आणि अजून छोटी. ती आत आली, दाराबाहेरचा पालथा फोटो बघून थबकली, मग भिंत बघून आणखीच थबकली. "हे दोन्ही बघ आणि सांग." छोटी बाईने बघितलं. खरं तर बघितलंच नाही, नजर टाकून काढून घेतली. "तुम्ही पास केलाय ना?" "मी काय केलंय ते विचारलं नाही." छोटी बाई पदार्थ करपल्यावर घरातली सून उभी राहते तशी उभी राहिली. "बोल की!" "तांबूस आहे." "कधी दिसलं?" छोटी बाईने तुकड्याची कड दुमडली. "कधी दिसलं, विचारते मी!" "काल," छोटी बाई म्हणाली, "तुम्ही सही करत होतात तेव्हाच." "मग तोंड शिवलं होतं का तुझं?" आणि तेव्हा ती बारा वर्षांची गप्प बाई एकदम फाडकन म्हणाली, "एकदा बोलले होते. सातव्या वर्षी. तुम्ही म्हणालात, तू अजून शीक. मी शिकतेय."

मास्तरबाईंना ते सातवं वर्ष आठवत नव्हतं. हेच सगळ्यांत वाईट होतं. ज्यांना वर्मी लागतं त्यांना तारीख आठवते, मारणारा जेवायला निघून जातो. तिने लाल पेन्सिल घेतली आणि आपल्या सहीवर आडवी रेघ मारली.

मॅनेजर दहा मिनिटांत वर आला. खालून कुणीतरी सांगितलंच असणार. गमबुटांपाशी पालथा फोटो, उघडी भिंत, पोपडा, आणि अनवाणी मास्तरबाई, हे सगळं त्याने एका दमात बघितलं. "हे काय, मास्तरबाई? फोटो खाली कसा?" "डोळ्यांत खुपत होता." "आणि लॉट? ट्रक लागलाय खाली." "ट्रक सोडा. लॉट चुकलाय. सही मी परत घेतली." त्याचा चेहरा उतरला, पण माणूस हुशार, लगेच सावरला. खुर्ची ओढून बसला, आवाज मऊ केला. "ठीक आहे. होतं कधी कधी. परत रंगवू. दोन दिवस, फार तर तीन. तुमची रजा फक्त थोडी पुढे ढकलू. पुढच्या महिन्यात घ्या, महिनाभर घ्या, मी स्वतः सही करतो. पण आत्ता नाही. तुम्हाला माहितेय, तुमच्याशिवाय इथलं पान हलत नाही."

"पान हलायला वारा लागतो," ती म्हणाली, "माणूस लागत नाही."

त्याला ते कळलं नाही, किंवा कळून त्याने बाजूला ठेवलं. "मास्तरबाई, स्पष्ट बोलू? चूक तुमची. आणि निस्तरायच्या वेळी तुम्ही निघालात?" बाण बरोबर बसला. याच खुंटीवर ती एवढी वर्षं टांगलेली होती. पूर्वी कुणी टांगायचीही गरज नसे, ती आपण होऊन जाऊन लटके. तिला वाटलं, खरंच आहे. थांबावं. दोन दिवस. ताईला फोन करावा. फोनवर काय म्हणायचं, ते शब्दसुद्धा तयार होते, दोनदा वापरून गुळगुळीत झालेले. तिने भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर काही नव्हतं. "चूक माझीच," ती म्हणाली, "म्हणूनच मी नको. ज्या डोळ्यांनी घाण केली त्याच डोळ्यांना पुसायला बसवताय? सहा महिने या भिंतीवर तुम्ही मला टांगलंत, आणि मी टांगून घेतलं. मला आता काही दिसत नाही, साहेब. मला माझे मोजे दिसत नाहीत! हिला दिसतं. हिला कालच दिसलं होतं."

"यांना?" मॅनेजरने छोटी बाईकडे, ती नुकतीच खोलीत उगवली असावी तसं पाहिलं. "आणि यांचं चुकलं तर?"

"तर चुकेल. माझं चुकलं तेव्हा आभाळ कोसळलं का?"

"अकरा वर्षं, मास्तरबाई! एवढा विक्रम तुम्ही सांभाळलात, आईंच्या वेळीसुद्धा..."

"आईचं नाव काढू नका." तिचा आवाज इतका खालच्या पट्टीत होता, की छोटी बाईने श्वास रोखला. "माझी आई रविवार बघून गेली नाही. ती वाट बघून गेली. ते वाक्य मी बोलले होते, माझं तोंड झडायला हवं होतं तेव्हा. तुम्ही ते माइकवर घेतलंत आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसले. आता पुरे झालं." मॅनेजर उठला. रजेवर सही नाही, असं काहीतरी तो म्हणाला, नियमांबद्दल म्हणाला, बघून घेऊ असंही दारातून म्हणाला. गमबुटांना अडखळला आणि गेला. ती शूर नव्हती, नुसती रागावलेली होती. तिने गळ्यातली किल्ली काढली. मास्तरांसारखी टेबलावर टाकायची म्हणून काढली, पण टाकवेना. शेवटी छोटी बाईच्या हातात दिली. "दहा नमुने झाले की भिंत. कुणी काही टांगू दे, काढून फेक." छोटी बाई म्हणाली, "आणि तुम्हाला फोन करायचा झाला तर?" "करू नकोस. आणि उन्हाळ्यात तू जायचंस. महिनाभर. सांगून ठेवते."

बसथांब्यावर ती सव्वाचारला पोचली. ताई सिमेंटच्या बाकावर बसली होती, मांडीवर पिशवी, नजर समोर. हिला बघून ती उठली नाही. "आलीस?" एवढंच म्हणाली, आणि मग चेहऱ्यावर एक विचित्र भाव आला, आनंद नव्हे, पकडली गेल्यासारखा. "मी एकच तिकीट काढलंय." "एकच?" "गेल्या दोन्ही वेळी दोन काढली होती. दोन्ही वेळी शेजारच्या रिकाम्या सीटवर पिशवी ठेवून गेले. लोक विचारायचे, कुणी आहे का. या वेळी म्हटलं, कशाला?" मास्तरबाई तिथेच उभी राहिली, बॅग हातात. रागवायचा हक्क आता ताईचा होता, आणि ताई तो वापरत नव्हती, हेच सहन होईना. "बोल ना काहीतरी मला! शिव्या तरी दे!" "गाडीत देते," ताई म्हणाली. "तिकीट काढ आधी."

शेवटच्या रांगेतली सीट मिळाली. ताईची पुढे, खिडकीची होती. गाडी सुटल्यावर ताई मागे आली, हिच्या शेजारच्या माणसाला म्हणाली, "दादा, तुम्ही पुढे जा, खिडकी आहे," आणि त्याच्या जागेवर बसली. मग ताई खाली, हिच्या चपलांतून दिसणाऱ्या मोज्यांकडे बघून म्हणाली, "हे काय घातलंयस पायात?" "एक काळा आहे, एक निळा." "दिसतंय मला. आंधळी आहे का मी?" "मी होते," ती म्हणाली. "ताई, त्या रविवारी मी फोनवर जे बोलले..." "ऐकलंय मी. दारातच होते." "मला..." "आत्ता नको," ताई म्हणाली. "आत्ता मी रागात आहे. दोन वर्षांचा आहे, एका थांब्यात उतरायचा नाही." पुढच्या सीटची पाठ राखाडी रेक्झिनची होती, मळकी, कुठे कुठे फाटलेली, कुणी खपून न बनवलेली. ती त्या पाठीकडे बघत बसली. बघता बघता राखाडीच्या कडा हलायला लागल्या, पाणी झाल्या, आणि हनुवटीवरून खाली मांडीवर पडायला लागल्या. दोन वर्षं जे आलं नव्हतं ते आता थांबेना.

ताईने समोरून नजर न हलवता विचारलं, "रडतेस?"

"नाही. डोळे धुतेय."

ताईने पिशवीतून पाण्याची बाटली काढून तिच्या मांडीवर ठेवली.

"धू," ती म्हणाली. "आठ दिवस आहेत."